नववीची वार्षिक तोंडावर आली. रसायन आणि जीवशास्त्राची उजळणी घरी कशी करून घ्यावी?

सूतरंगारी
१८ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात राहतो, सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला आहे. माझं शिक्षण आठवीपर्यंत. थोरली मुलगी नववीत, मराठी माध्यम. घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे पुस्तकी मराठी तिच्या कानावर पडते ती शाळेतच.

विज्ञानाचा पेपर १० एप्रिलला आहे आणि पूर्ण पुस्तकावर आहे, असं शाळेने सांगितलंय. गणितात ती चांगली आहे, गतीची आणि विजेची उदाहरणंही सोडवते. अडतं ते रसायन आणि जीवशास्त्रात. पहिल्या सत्रात विज्ञानात कशीबशी पास झाली.

मेहनतीत कमी नाही. पहाटे पाचला उठते, कारण एकदा गल्लीतले माग सुरू झाले की त्या खडखडाटात तिचं लक्ष लागत नाही. पुस्तक घेऊन बसते, पिवळ्या पेनाने रेघा मारते. परवा पुस्तक उघडून बघितलं तर पानंच्या पानं पिवळी. विचारलं, यातलं महत्त्वाचं कोणतं? म्हणाली, सगळंच. मग मी पुस्तक हातात धरून विचारलं, आम्लारी म्हणजे काय? व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. म्हटलं, घरातली एखादी आम्लारी वस्तू सांग. तर गप्प.

मध्ये एक शिकवणी लावली होती. तिथे फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, एवढंच चालायचं. तीन वह्या भरल्या. जानेवारीत बंद केली.

सुरुवात कुठून करू? आणि ज्याला विज्ञान येत नाही अशा बापाने शेजारी बसून नेमकं काय करायचं?

बार्शीची_लेक
१८ मार्च, रात्री ११.१५

दादा, माझा मुलगा गेल्या वर्षी नववीत होता. आम्ही शाळेतून मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घेतल्या, बाईंनी लगेच दिल्या. त्यावरून 'वैज्ञानिक कारणे लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'आकृती काढून नावे द्या' हे प्रश्न कसे येतात ते कळलं. तेवढं उद्याच करा. बाकी जाणकार सांगतीलच.

खडू_फळा
१९ मार्च, सकाळी ६.०५

सूतरंगारी, अक्कलकोट तालुक्यातल्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. तुम्ही सांगितलेली ती पिवळी पानं मी शेकडो दप्तरांत पाहिली आहेत. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंच, अशी मुलांची समजूत होते. परीक्षेत पुस्तक समोर नसतं. म्हणून पहिला नियम: उजळणी पुस्तक मिटून करायची, कोऱ्या कागदावर, हातात पेन घेऊन. पुस्तक उघडायचं ते लिहून झाल्यावर, तपासायला.

आता रसायन. पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नका. आधी एक चाचणी घ्या, दहा मिनिटांची. पुढची एकोणीस नावं उलटसुलट क्रमाने सांगा आणि तिला फक्त संयुजा, म्हणजे कोण किती हातांनी जोडलं जातं तो अंक, लिहू द्या. उत्तरं मी गटाने देतो, म्हणजे तुम्हाला तपासता येतील.

संयुजा एक: हायड्रोजन, सोडियम, पोटॅशियम, क्लोरीन, अमोनियम, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट.
दोन: मॅग्नेशियम, कॅल्शियम, झिंक, ऑक्सिजन, कार्बोनेट, सल्फेट.
तीन: ॲल्युमिनिअम, फॉस्फेट.
चार: कार्बन.
तांबं आणि लोखंड दोन-दोन संयुजा दाखवतात: तांब्याच्या एक आणि दोन, लोखंडाच्या दोन आणि तीन.

पाचांहून जास्त चुकल्या, तर पोरीचं सगळं रसायन इथेच अडलंय असं समजा. संयुजा येत नाही म्हणून सूत्र लिहिता येत नाही. सूत्र नाही म्हणून रेणुवस्तुमान (रेणूतल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज) निघत नाही, समीकरण जुळत नाही. मग मूल समीकरणं चित्रासारखी पाठ करतं, आणि एक अंक विसरला की सगळं कोसळतं. माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्या मुलांचं दुखणं हेच असायचं आणि त्यावर औषध चार दिवसांचं. रोज वीस सूत्रं. ॲल्युमिनिअमची संयुजा तीन, सल्फेटची दोन. अंकांची अदलाबदल करा, म्हणजे ॲल्युमिनिअम दोन आणि सल्फेट तीन. कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही दोनचे, म्हणून एकास एक. एवढंच यंत्र आहे, पण हाताला सवय हवी.

पुढचा क्रम असा ठेवा: सूत्रं, मग रेणुवस्तुमान आणि मोल, मग आम्ल-आम्लारी-क्षार, मग कार्बन, शेवटी 'पदार्थ आपल्या वापरात'. आज फक्त चाचणी घ्या आणि मला कळवा.

रसायनवाली
१९ मार्च, दुपारी १.३०

मी सोलापुरातच बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रसायन घेऊन. माझ्याही घरी कन्नड बोलतात, त्यामुळे तुमच्या मुलीची अडचण मला आतून माहीत आहे. मला ज्याने वाचवलं ते सांगते: शब्द फोडायचा.

आम्लारी म्हणजे आम्ल अधिक अरी. अरी म्हणजे शत्रू. आम्लाचा शत्रू, त्याला मारून टाकणारा. उदासिनीकरण त्या शब्दातच आलं. मला हे अकरावीत कळलं आणि दोन वर्षं मी तो शब्द नुसता घोकत होते याचं फार वाईट वाटलं. अनावृत्तबीजी: आवृत्त म्हणजे झाकलेलं, अनावृत्त म्हणजे उघडं, ज्याचं बी फळात झाकलेलं नाही. सायकस, पाइन. रसवाहिनी अन्नरस नेते, जलवाहिनी पाणी नेते. वृक्काणू हा वृक्काचा, म्हणजे मूत्रपिंडाचा, अगदी लहान एकक. संयुजा 'जोडणे' या अर्थाच्या धातूवरून आलीय: किती हातांनी जोडलं जातं ते. आणि काका, विरंजक चूर्णातलं 'विरंजक' तुमच्या कामाचं आहे. रंजक म्हणजे रंग देणारं, विरंजक म्हणजे रंग घालवणारं.

वहीच्या शेवटच्या चार पानांवर असे पन्नासेक शब्द फोडून लिहायला सांगा. पाठ करायला नाही, फक्त फोडायला.

सूतरंगारी
१९ मार्च, रात्री ११.००

सर, चाचणी घेतली. एकोणीसपैकी आठ बरोबर. कार्बोनेट आणि सल्फेट दोन्हींना एक लिहिलं, फॉस्फेट सोडूनच दिलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, हे आजपर्यंत कुणी वेगळं काढून विचारलंच नव्हतं. आज दहा सूत्रं केली, सहा जमली.

ताई, 'विरंजक' वाचून मीच उठून बसलो. सूत रंगवायच्या आधी आम्ही ब्लीचिंग करतो, तेच की हे.

आणि सर, एक शंका आहे. तुमच्या यादीत सोडियम आहे, कार्बोनेट आहे. मुलीने दोन्ही जोडून सोडियम कार्बोनेट लिहिलं. आमच्याकडे सोडा ॲशच्या गोण्या येतात, त्यावर हेच नाव छापलेलं असतं. तो सोडा आणि पुस्तकातला सोडा एकच का?

खडू_फळा
२० मार्च, सकाळी ५.५०

एकच. गोणीतला सोडा ॲश म्हणजे कोरडा सोडियम कार्बोनेट. त्यात स्फटिकजलाचे दहा रेणू आले की तो धुण्याचा सोडा. आज मुलीला हेच उदाहरण घाला: सोडियम २३, कार्बन १२, ऑक्सिजन १६ धरून कोरड्याचं रेणुवस्तुमान काढायचं. १०६ यायला हवं. त्यात पाण्याचे दहा रेणू, म्हणजे १८० मिळवले की २८६. पाणी कोरड्या सोड्याहून जड भरतं, हे तिला स्वतः काढू द्या.

आणि तुम्ही तो रंगाच्या पाण्यात का घालता, तेही सांगा तिला. सुती धाग्यावर रिॲक्टिव्ह रंग पक्का बसायला पाणी आम्लारीधर्मी लागतं. सोडा ते काम करतो. आधी मीठ घालता ते रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी. तुम्ही रोज हाताळता तो धडा क्रमांक पाच आहे. विज्ञान येत नाही असं पुन्हा लिहू नका.

विजापूर_रोड
२० मार्च, रात्री ९.२०

सरांचा अनुभव मोठा आहे, पण मला थोडं वेगळं वाटतं. माझी मुलगी सेमी इंग्रजीत दहावीला आहे. वीस दिवसांत शब्द फोडत आणि गोण्या बघत बसायला वेळ असतो का? पेपर तपासणारे पुस्तकातली वाक्यं शोधतात. गाइडमधले महत्त्वाचे प्रश्न काढा, उत्तरं तीनदा लिहून काढा, आकृत्या पाठ करा. आमचे असेच चांगले गुण आले. मुलांना आवड लावायला सुट्टी आहेच की.

खडू_फळा
२१ मार्च, सकाळी ६.३०

विजापूर_रोड, तुमच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. व्याख्या पुस्तकाच्याच शब्दांत लिहावी. तिथे स्वतःची भाषा घातली की एखादा आवश्यक शब्द सुटतो आणि गुण जातो. 'फरक स्पष्ट करा' मध्येही चार मुद्दे समोरासमोर, ठरल्यासारखे लिहावेत.

पण 'वैज्ञानिक कारणे' मध्ये घोकलेलं उघडं पडतं. मी वर्षानुवर्षं ते पेपर तपासले आहेत. प्रश्न जरा फिरवला, 'तांब्याच्या भांड्यात ताक का ठेवू नये' ऐवजी 'लोणचं का ठेवू नये' विचारलं, की पाठ केलेलं मूल ताकाचंच उत्तर लिहितं. ज्याला आम्ल धातूवर काय करतं ते ठाऊक आहे, त्याला भांडं कुठलंही चालतं. आणि या मुलीने तीन वह्या उतरवून झाल्या आहेत. चौथी भरून काय बदलणार?

रक्तगट_बी
२१ मार्च, दुपारी ३.१०

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. जीवशास्त्राचं कुणी फार बोललं नाही म्हणून लिहिते. नववीत 'सजीवांमधील जीवनप्रक्रिया' हा धडा सगळ्यात लांब आहे आणि मुलं त्यालाच घाबरतात. त्याचे तीन तुकडे करा: वनस्पतीतलं वहन, उत्सर्जन, समन्वय. तीन वेगळ्या दिवशी.

उत्सर्जनात आकृती दोन: उत्सर्जन संस्था आणि वृक्काणू. नुसती बघून काढली तर राहत नाही. रक्ताच्या एका थेंबाच्या मागे चालायचं. वृक्क धमनीतून आत, ग्लोमेरुलसच्या गुंत्यात गाळणी, गाळलेलं बोमन संपुटात, तिथून नलिकेत; नलिकेत ग्लुकोज, क्षार आणि बहुतेक सगळं पाणी परत रक्तात; उरलेलं संग्राहक नलिकेत, मग मूत्रवाहिनी, मूत्राशय. बोटाने रस्ता गिरवत तोंडाने सांगायचं. एका वृक्कात साधारण दहा लाख वृक्काणू असतात. दिवसाला सुमारे १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकी सगळं परत घेतलं जातं, हा आकडा ऐकला की पुनःशोषण हा शब्द मुलं विसरत नाहीत. आपल्या सोलापूरच्या एप्रिलमध्ये तर हे रोज दिसतं: घाम जास्त, पाणी कमी प्यालं, की वृक्क आणखी पाणी राखून ठेवतं आणि लघवी कमी आणि गडद पिवळी होते. माझ्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या नमुन्यांचा रंग बघूनच ऋतू कळतो. (पोरीला पाणी भरपूर प्यायला सांगा, पहाटे अभ्यासाला बसतानाही.)

आकृतीत एक चूक हमखास होते. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणून त्याचं उजवं वृक्क आपल्या डाव्या हाताला येतं. तेच किंचित खाली असतं, कारण वर यकृत आहे.

समन्वयाला प्रतिक्षिप्त क्रिया पक्की करा. भाकरी थापताना तव्याला हात लागला की काय होतं? त्वचा, संवेदी चेतापेशी, मेरुरज्जू, सहयोगी चेतापेशी, प्रेरक चेतापेशी, स्नायू. मेंदूला बातमी नंतर पोचते, तोवर हात मागे आलेला असतो. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या, मेरुरज्जूतून ३१. हे दोन आकडे मात्र पाठच करायचे, त्याला दुसरा उपाय नाही.

डाळिंबबाग
२२ मार्च, रात्री ८.४५

सांगोल्याकडचा शेतकरी आहे. मुलीला हा प्रसंग सांगा. डाळिंबावर तेल्या रोग येऊ नये म्हणून आम्ही बोर्डो मिश्रण फवारतो. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवायचं, मग एकत्र करायचं. मिश्रण जमलं का हे बघायला वडील लोखंडी विळा घासून त्यात बुडवायचे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून निवळी घालायची. मी लहानपणी तो थर म्हणजे गंज समजायचो. तो तांब्याचा थर असतो, लोखंड विरघळून तांबं बाहेर पडतं. चुना पुरेसा झाला की आम्लपणा जातो आणि पातं स्वच्छ राहतं. आता निळ्या लिटमसनेही बघतो, पण विळा अजून वापरात आहे.

मोरचूद विषारी आहे, घरी कुणी करून बघू नका. नुसतं सांगा.

खडू_फळा
२३ मार्च, सकाळी ६.००

डाळिंबबाग, तुमच्या विळ्यावर दहावीचा एक आख्खा मुद्दा उभा आहे: लोखंड तांब्याहून जास्त क्रियाशील. नववीच्या पोरीलाही कळेल असा.

जीवशास्त्रात आणखी एक. वनस्पतींचं वर्गीकरण पाठ करताना मुलं एकबीजपत्री-द्विबीजपत्रीचे मुद्दे उलटसुलट करतात. आपल्या घरात ज्वारी आणि शेंगदाणे असतातच. शेंगाचटणीसाठी भाजलेला दाणा बोटात चोळला की दोन पाकळ्या होतात आणि टोकाला इवलासा कोंब दिसतो: तोच भ्रूण, त्या पाकळ्या म्हणजे बीजपत्रं. ज्वारीचा दाणा कितीही भिजवा, असा दुभंगत नाही. मग ज्वारीचं ताट आठवायचं: तंतुमय मुळं, पानाच्या शिरा समांतर. तूर आठवायची: सोटमूळ, शिरांचं जाळं. फुलाचे भाग एकबीजपत्रीत तीनच्या पटीत, द्विबीजपत्रीत चार किंवा पाचच्या.

अन्नसाखळीला नान्नजचा माळ घ्या: गवत, नाकतोडा, माळढोक. गवतात १०,००० किलोज्यूल ऊर्जा असेल तर नाकतोड्यांपर्यंत १,००० आणि माळढोकापर्यंत १०० पोचते. दर पायरीला दहाच टक्के.

सूतरंगारी
२८ मार्च, रात्री १०.१५

उशिरा लिहितोय, ऑर्डरचं काम होतं. तोपर्यंतची हकिगत.

संयुजा आता एकोणीसपैकी अठरा येतात. सूत्रं रोज वीस. रात्री जेवणानंतर मी नाव म्हणतो, ती पाटीवर सूत्र लिहिते. सरांनी गटाने दिलेली यादी बघून मला तपासता येतं. मोलचं गणित तिला आवडलं: रेणुवस्तुमान जितकं, तितके ग्रॅम म्हणजे एक मोल. खायच्या सोड्याचं रेणुवस्तुमान ८४ काढलं, मग मी म्हटलं, ४२ ग्रॅम घेतला तर? अर्धा मोल म्हणाली, आणि रेणू किती तेही काढले: ३.०११ गुणिले १० चा २३वा घात. मला तो आकडा वाचताही आला नसता.

आम्ल-आम्लारीला एक गोष्ट घरातच सापडली. आमच्यात ओवाळताना हळदीच्या पाण्यात चुना घालून लाल पाणी करतात. आजवर कुणाला त्यात विज्ञान दिसलं नव्हतं. मुलगी आजीला म्हणाली, हळद दर्शक आहे आणि चुना आम्लारी. मग त्याच लाल पाण्यात लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं झालं. आजीने तीनदा करायला लावलं.

वृक्काणूची आकृती न बघता काढते, पण नावं देताना ग्लोमेरुलस आणि बोमन संपुट अजून एकमेकांच्या जागी जातात. आणि आनुवंशिकतेत पार गोंधळ आहे. ३:१ कुठे, १:२:१ कुठे, ९:३:३:१ कुठे? आणि ते ४५, ४६, ४७ गुणसूत्रांचे विकार.

रक्तगट_बी
२९ मार्च, सकाळी १०.००

आधी पहिलं. ग्लोमेरुलस म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता, सुताची गुंडी म्हणा हवं तर. बोमन संपुट म्हणजे ती गुंडी धरलेली वाटी. गुंडी आत, वाटी बाहेर. आकृतीत आधी वाटी काढायची, मग आत गुंडी.

गुणोत्तरांसाठी एकच चौकट काढा. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर. पहिल्या पिढीत सगळे उंच, पण प्रत्येकाच्या आत एक बुटक्याचं जनुक लपलेलं. त्यांचा आपसात संकर केला की चार घरं भरतात: शुद्ध उंच एक, मिश्र उंच दोन, शुद्ध बुटका एक. आतलं मोजलं की १:२:१, हे जनुकप्ररूप. डोळ्यांना दिसतं ते मोजलं की तीन उंच, एक बुटका, म्हणजे ३:१, हे स्वरूपप्ररूप. चौकट तीच, मोजणी वेगळी. आणि एकाऐवजी दोन लक्षणं घेतली, म्हणजे बियांचा आकार आणि रंग, की घरं सोळा होतात आणि ९:३:३:१. चारही आकड्यांची बेरीज सोळा येते का बघायचं, म्हणजे चूक पकडता येते. मेंडेलने हे काम १८६६ मध्ये छापलं, तेव्हा गुणसूत्रांचं आनुवंशिकतेतलं काम कुणाला ठाऊकही नव्हतं. त्याने नुसती रोपं मोजून काढलं, हे मुलीला जरूर सांगा.

विकार. माणसात ४६, म्हणजे ४४ अलिंगी आणि २ लिंग गुणसूत्रं. डाऊन्स: २१व्या जोडीत एक जास्त, एकूण ४७. टर्नर: स्त्रीत एकच एक्स, ४४ अधिक एक्स, एकूण ४५. क्लाइनफेल्टर: पुरुषात एक एक्स जास्त, ४४ अधिक एक्स एक्स वाय, एकूण ४७. ४७ दोनदा येतं, गोंधळ तिथेच होतो. एकात वाढ अलिंगी गुणसूत्रांत आहे, दुसऱ्यात लिंग गुणसूत्रांत. डाऊन्स असलेल्या मुलांबद्दल वर्गात कुणी वेडंवाकडं बोललं, तर हे तिला समजावून सांगता यायला हवं. मला वाटतं हा धडा त्यासाठीही आहे.

बार्शीची_लेक
२९ मार्च, दुपारी २.२०

हळदीच्या पाण्याचं वाचून मी आत्ता घरी करून बघितलं. माझी धाकटी सहावीत आहे, तिने सगळ्या वाट्या मांडल्या: साबणाचं पाणी, ताक, चिंच, खायचा सोडा. छान गेली दुपार.

दादा, प्रश्नपत्रिका मिळाल्या का? आता एक पूर्ण पेपर वेळ लावून सोडवायला सांगा.

सूतरंगारी
५ एप्रिल, रात्री ९.५०

मिळाल्या ताई. दोन पेपर वेळ लावून सोडवले. पहिल्यात वेळ पुरला नाही, शेवटचे दोन प्रश्न राहिले, कारण आकृतीत रंग भरत बसली. दुसऱ्यात पेन्सिलने साधी आकृती काढली आणि दहा मिनिटं उरली. मी तपासू शकत नाही, म्हणून शाळेतल्या बाईंना दाखवले. त्यांनी मधल्या सुट्टीत बसून तपासून दिले, त्यांचे उपकार आहेत.

आता ती स्वतः काहीतरी विचारणार म्हणते.

मी मुलगी लिहिते, नान्नांच्या (बाबांच्या) मोबाइलवरून. सर नमस्कार. नान्ना पानाला लावतात तो चुना पाण्यात कालवून ठेवला, वरची निवळी काढली आणि नळीने त्यात फुंकलं. दुधाळ झाली. ते पुस्तकात आहे. पण मी फुंकतच राहिले तर काही वेळाने परत स्वच्छ झाली. मी काही चुकलं का?

खडू_फळा
६ एप्रिल, सकाळी ५.४५

बाळ, काहीही चुकलं नाही. उलट तू पुस्तकाच्या पुढे एक पाऊल गेलीस. नळीने फुंकताना ओढायचं नाही आणि निवळी डोळ्यात जाऊ द्यायची नाही, एवढं सांभाळ.

पहिल्या वेळी श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि निवळीतला कॅल्शियम हायड्रॉक्साइड यांचा कॅल्शियम कार्बोनेट झाला. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून दुधाळ दिसलं. तू फुंकत राहिलीस, तेव्हा जास्तीचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट झालं. ते विरघळतं, म्हणून पुन्हा स्वच्छ.

आता ते स्वच्छ पाणी उकळलंस तर? पुन्हा पांढरं होईल. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतो. हे तुझ्या घरात कुठे घडतं, शोध.

सूतरंगारी
६ एप्रिल, रात्री ८.३०

मी मुलगी. सापडलं सर. बोअरचं पाणी तापवायच्या पातेल्यात. आत पांढरा जाड थर आहे, आई दर महिन्याला घासते. म्हणजे आमच्या पाण्यात ते बायकार्बोनेट आहे आणि पाणी दुष्फेन आहे, म्हणूनच साबणाला फेस येत नाही. त्या थरावर लिंबू पिळलं तर बुडबुडे आले. आम्ल आणि कार्बोनेट, म्हणजे तो कार्बन डायऑक्साइड. आईला सांगितलं की घासू नकोस, रात्रभर लिंबाचं पाणी घालून ठेव. सकाळी सहज निघालं तर सांगते.

विजापूर_रोड
७ एप्रिल, सकाळी ७.१५

सर, माझी मुलगी हा धागा वाचतेय. 'दुष्फेन पाणी' तिने इंग्रजीत पाठ केलं होतं, पण घरातलं पातेलं तिला आज दिसलं. तुमच्याशी वाद घातला होता, त्यातलं निम्मं मागे घेतो. व्याख्या पुस्तकाच्या शब्दांत, यावर मात्र मी ठाम आहे.

खडू_फळा
७ एप्रिल, दुपारी १२.००

त्यावर मीही ठाम आहे.

मुलीसाठी उरलेल्या दिवसांचं: नवीन काही उघडायचं नाही. उद्या चार आकृत्या, पुस्तक मिटून. परवा सकाळी शब्दांची ती शेवटची चार पानं आणि व्याख्या, संध्याकाळी फक्त समीकरणं. अवकाश, ध्वनी, वीज तिला येतं म्हणता, तर त्यावर एकदा नजर पुरे.

सूतरंगारी
९ एप्रिल, रात्री ९.०५

पातेल्याचा थर निघाला, सर. आई खूश आहे.

मुलगी शेवटचं एक विचारते. सोडियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांचं समीकरण ती नेहमी एकास एक लिहायची. आज संयुजेवरून परत मांडलं. सल्फेटची संयुजा दोन, सोडियमची एक, म्हणून सोडियम सल्फेटमध्ये सोडियम दोन लागतात. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड दोन, सल्फ्युरिक आम्ल एक. मिळतं सोडियम सल्फेट एक आणि पाणी दोन. दोन्ही बाजूंना सोडियम दोन, हायड्रोजन चार, गंधक एक, ऑक्सिजन सहा. बरोबर आहे का?

खडू_फळा
९ एप्रिल, रात्री ९.१२

बरोबर. आता पुस्तक ठेव आणि झोप.